बोका आणि पिवळे मोजे

माझे सासरे आयुष्यभर कोणाला दिसले नाहीत, आणि याचा त्यांना कोण अभिमान होता.

घरात दिसायचे हो. दिसले नाहीत ते नाट्यगृहात. एक प्रवेश संपतो, रंगमंचावर मिट्ट अंधार होतो, प्रेक्षक साठवून ठेवलेला खोकला खोकून घेतात, आणि दिवे परत येतात तेव्हा दिवाणखान्याचं कोर्ट झालेलं असतं. त्या खोकल्याच्या वेळात सोफा उचलून नेणारा आणि साक्षीदाराचा पिंजरा आणून ठेवणारा माणूस म्हणजे आमचे अण्णा. काळा शर्ट, काळी पँट, पायात कापडी तळव्यांचे काळे बूट. अंधारात न धडपडता फिरायचे, पावलांचा आवाज नाही, म्हणून नाट्यगृहात सगळे त्यांना बोका म्हणत. नट आले, गेले, म्हातारे झाले, टक्कल लपवून पुन्हा तरुण झाले. बोका तिथेच राहिला.

"मी ज्याला दिसलो, त्याचं नाटक मी बुडवलं," असं ते म्हणायचे. लग्नानंतर पहिल्यांदा त्यांनी मला नाटकाला नेलं, तेव्हा मी सगळ्या अंधारांमध्ये डोळे फाडून त्यांना शोधत बसले होते. घरी आल्यावर मी म्हटलं, "अण्णा, तुम्ही दिसलाच नाहीत." एखाद्या नटाला पदक मिळावं तसा त्यांचा चेहरा झाला.

मी त्यांच्या अगदी उलट. मी लोकांना गाडी चालवायला शिकवते. माझ्या बाजूलाही एक ब्रेक असतो आणि शिकणारा माणूस गडबडला की तो मला दाबावा लागतो. आवाज तर इतका चढवावा लागतो की घरी आल्यावरही तो खाली उतरत नाही. आमच्या घरात मी आले की चौथ्या मजल्याला कळतं. अण्णा मागे येऊन उभे राहिले तरी मला कळायचं नाही, आणि हातातलं भांडं पडायचं.

अण्णांची खोली घराच्या मागच्या बाजूला. तिच्यात आणि बाकीच्या घरात एक पॅसेज आहे. त्याला खिडकी नाही, त्यामुळे भर दुपारीही तिथे अंधार. निवृत्तीनंतर अण्णा त्या पॅसेजमधून दिवा न लावता जायचे.

"अण्णा, दिवा लावा की."

"कशाला? पॅसेज आहे तिथेच आहे."



आमच्या यांना मात्र काळजी लागली. यांचा स्वभाव म्हणजे काळजी लागली की हातात स्क्रू ड्रायव्हर घ्यायचा. म्हातारी माणसं घरात कशी पडतात, यावर यांनी कुठेकुठे वाचून काढलं आणि एका रविवारी घराला हात घातला. सरकणारी पायपुसणी गेली. जमिनीवरून लोळणाऱ्या वायरी भिंतीला चिकटल्या. बाथरूममध्ये रबरी मॅट आली, कमोडशेजारी धरायला दांडा आला. खरं सांगायचं तर हे सगळं योग्यच होतं, आणि अण्णांनी तो दांडा गुपचूप वापरायलाही सुरुवात केली. पण कुठे थांबायचं हे यांना कधी कळलंय? शेवटी पॅसेजमध्ये एक दिवा आला, माणूस आला की आपोआप लागणारा. उद्घाटन करायला आल्यासारखे हे त्याच्याखालून ये-जा करत राहिले. दिवा लागायचा, विझायचा, लागायचा. अण्णा तेव्हा वाचनालयात गेले होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी जेवायला घरी आले आणि किल्ली फिरवतानाच आतून धप्प असा आवाज ऐकला.

अण्णा पॅसेजमध्ये, कपाट आणि भिंत यांच्या मधल्या फटीत पडलेले. डावा हात अंगाखाली. वर तो नवा दिवा लख्ख जळत होता.

"काय झालं अण्णा? कसे पडलात?"

"तोल गेला," अण्णा म्हणाले. त्यापुढे ताकास तूर लागू दिली नाही.

मनगटाचं हाड मोडलं होतं आणि कंबरेला मुका मार होता. हे ऑफिसातून धावत आले आणि म्हणाले, "नशीब, दिवा होता. अंधार असता तर केवढं लागलं असतं!" अण्णांनी डोळे मिटून घेतले.

हॉस्पिटलमध्ये त्यांना भरती केलं आणि त्यांच्या चांगल्या मनगटावर एक पिवळा पट्टा चढवला. खाटेच्या डोक्याशी पिवळी पाटी लावली. त्यावर पडणाऱ्या माणसाचं चित्र. पायात पिवळे मोजे, तळव्यांना रबराचे ठिपके असलेले. इथे पिवळं म्हणजे हा पेशंट पडू शकतो, याला एकटं उठू द्यायचं नाही, घंटा वाजवल्यावर लगेच यायचं. पद्धत चांगली आहे. पण ज्या माणसाने जन्मभर काळ्याशिवाय रंग घातला नाही, त्याला नखशिखांत पिवळा करून ठेवलेला बघून मला हसू आवरेना आणि रडूही.

"मोजे मात्र बरे आहेत," अण्णा पाय हलवून म्हणाले. "घसरत नाहीत आणि आवाजही नाही. आमच्या वेळी असते तर."

संध्याकाळी माझी मोठी नणंद आली. ताईंचा वडिलांवर जीव आहे, पण त्यांचा जीव नेहमी व्यवस्थेच्या रूपाने बाहेर पडतो. त्यांनी वृद्धांच्या एका निवासात जागा बघूनही ठेवली होती.

"तुम्ही दोघं दिवसभर बाहेर. परत पडले तर बघणार कोण? तिथे बघा, दिवे कधी बंदच होत नाहीत. कॉरिडॉर दिवसरात्र लख्ख. आणि कोपऱ्याकोपऱ्यावर माणूस. अण्णा, तुमच्यावरची नजर एक क्षण हटणार नाही."

ताईंना वाटलं त्यांनी दिलासा दिला. अण्णांच्या तोंडावरचा रंग उडालेला फक्त मला दिसला. ताई गेल्यावर त्यांनी माझी ओढणी धरली. इतक्या वर्षांत त्यांनी माझ्याकडे साधा पाण्याचा पेला मागितला नव्हता.

"मला घरी ने," ते म्हणाले.

डॉक्टरांचं म्हणणं सरळ होतं. हाड जुळेल. प्रश्न पुन्हा पडण्याचा आहे. चालणं स्थिर असेल आणि इथे पडले नाहीत तर घरी जाऊ द्या. नाहीतर ताईंची व्यवस्था बरी.

चालणं तपासायला फिजिओ आली. चणीने लहान, पेनाचं टोपण चावणारी, आणि नजर अशी की माझ्या धंद्यात असती तर माझी नोकरी गेली असती. "आजोबा, या खुर्चीतून उठायचं, समोरच्या त्या पट्टीपर्यंत चालायचं, वळायचं, परत येऊन बसायचं. एवढंच."

एवढंच. पण वॉर्डात त्या दिवशी दुसरी करमणूक नव्हती. शेजारच्या खाटेवरचे शिंपी उशीवर कोपर टेकून सरसावले. समोरच्या खाटेवरच्या माणसाने चष्मा लावला. सिस्टर थांबली, हे थांबले, ताई थांबल्या. अण्णा उठले आणि सगळे डोळे त्यांच्यावर आहेत हे त्यांच्या लक्षात आलं. झालं. माणसाचं लाकूड झालं. पाय उचलेना, फरफटायला लागला, वळताना तर फिजिओनेच दंड धरला म्हणून बरं. ज्यांनी काळोखात कपाटं नाचवली, त्यांना उजेडात रिकाम्या जमिनीवरून चालता येईना.

"तोल फारच खराब आहे," डॉक्टर म्हणाले. फिजिओ नुसती टोपण चावत राहिली.

त्याच सुमाराला वॉर्डात एक गंमत सुरू झाली होती. दुपारच्या जेवणानंतर तिथे पडदे ओढून दिवे मालवायचे, पेशंटना झोप मिळावी म्हणून. आणि त्या झोपेनंतर वॉर्ड कसा आवरलेला असायचा. चपला खाटेखाली जोडीने, बोटं बाहेर. वायरी भिंतीकडे. शिंप्यांच्या खाटेशेजारचं टेबल त्यांच्या हाताला येईल असं सरकवलेलं, नाहीतर पाण्यासाठी ते अर्धे खाटेबाहेर लोंबायचे. सिस्टरला वाटलं आयाबाई करतात. आयाबाईंना वाटलं सिस्टर करते. दोघी एकमेकींवर इतक्या खूश झाल्या की वर्षानुवर्षांचा अबोला मिटायच्या बेतात आला.

एका दुपारी शिकवणी रद्द झाली म्हणून मी लवकर गेले. वॉर्डात अंधार होता. अण्णांची खाट रिकामी. डोळे सरावले तेव्हा दिसलं, पलीकडच्या खाटांच्या रांगेतून काहीतरी पुढे येतंय. प्लास्टरचा हात छातीशी, दुसरा हात खाटेच्या कडेवरून पुढच्या खाटेच्या कडेवर. अण्णाच ते. वाकत नव्हते, फरफटत नव्हते. पायानेच एक चप्पल हळूच आत सारली आणि पुढे सरकले. रागवायला तोंड उघडलं खरं, पण तेवढ्यात कोणीतरी घंटा वाजवली, सिस्टर आत आली आणि तिने दिवे लावले.

अण्णा नाहीसे झाले.

म्हणजे अक्षरशः. होते आणि नव्हते. मग सिस्टरला एका खाटेमागून डोकावणारे दोन पिवळे मोजे दिसले आणि ती किंचाळली, "पेशंट पडला!"

पळापळ झाली. आम्ही खाटेला वळसा घालून बघतो तर अण्णा उकिडवे बसलेले, पाठ खाटेला टेकलेली, आणि ओठांवर बोट. गप्प राहण्याची खूण करत होते, आम्हा सगळ्यांना. मग त्यांच्याच लक्षात आलं आपण कुठे आहोत ते, आणि त्यांनी ते बोट हळूच खाली घेतलं. गुडघे मात्र उठायला तयार नव्हते. तीन जणांनी उचललं तेव्हा उभे राहिले.

हॉस्पिटलच्या हिशेबात जमिनीवर सापडलेला पेशंट म्हणजे पडलेला पेशंट. ताईंना फोन गेला, यांना फोन गेला. संध्याकाळी डॉक्टर आणि फिजिओसकट सगळे खाटेभोवती जमले. ताई डोळे पुसत म्हणाल्या, "आता तरी ऐका माझं." अण्णा छताकडे बघत होते. गप्प राहिले तर निवासात जाणार हे त्यांना कळत होतं, आणि बोलायची तर लाज वाटत होती.

माझ्या डोक्यात मात्र दुपारपासून एकच गोष्ट घोळत होती. आमच्या पॅसेजमधला तो लख्ख दिवा.

"अण्णा," मी म्हटलं, "घरीसुद्धा असंच झालं ना? दिवा लागला आणि तुम्ही लपायला गेलात?"

हे म्हणाले, "काहीतरीच काय बोलतेस? लपायला?"

अण्णांनी प्लास्टरवरून बोट फिरवलं. मग बोलायला लागले. तरुणपणी एकदा दिवेवाल्याच्या चुकीने दिवे लवकर आले होते. नायकाचे वडील खाटेवर शेवटचे श्वास घेत होते आणि खाटेशेजारी अण्णा, काखेत एक स्टूल घेऊन. सगळं नाट्यगृह हसलं. मरायला टेकलेले वडीलसुद्धा हसले. त्या दिवसापासून अण्णांनी अंगाला सवय लावून घेतली, दिवा आला की दिसेल त्याच्या मागे खाली बसायचं. पुढे एकदा सोफ्यामागे सबंध अंक काढला. वर नायिका रडत होती आणि तिची टाच दर वाक्याला त्यांच्या बरगडीत.

"विचार करायला वेळच नसतो," अण्णा म्हणाले. "दिवा लागला की गुडघे आपले आपण वाकतात. घरी कपाटामागे जायला बघितलं. जागा कमी पडली."

शिंपी आधी हसले, मग समोरचे चष्मेवाले, मग डॉक्टर. यांनी कपाळावर हात मारून घेतला. फिजिओसुद्धा हसली, पण तीच आधी थांबली.

"म्हणजे आजोबा, तुम्ही पडला नाहीत, लपलात. पण हाड लपताना मोडलं की पडताना, हाडाला काय फरक?"

"मी आजच तो दिवा काढून टाकतो," हे म्हणाले. यांचा हात खिशाकडे गेलासुद्धा. मला वाटतं स्क्रू ड्रायव्हर खिशातच होता.

"अजिबात काढू नका." फिजिओने अण्णांच्या पायजम्याचं टोक वर केलं. नडगीवर डाग होते. काही पिवळे पडलेले, काही निळे, काही नुसतेच खरवडलेले. "हे लपताना झालेले नाहीत. हे अंधारात आपटून झालेत, आणि बऱ्याच दिवसांपासून. हो ना, आजोबा?"

अण्णांनी पायजमा खाली ओढला. "डोळे पहिल्यासारखे नाहीत," ते म्हणाले, आणि ते इतक्या हळू म्हणाले की ताईंना पुन्हा विचारावं लागलं. मला वाटलं होतं बोका अजून अंधारात बघतो. आम्हा सगळ्यांना वाटत होतं, कारण त्यांनी तसं वाटू दिलं होतं. मला त्यांचा राग आला आणि फार वाईट वाटलं.

"मग हे तर आणखीच धोक्याचं," ताई म्हणाल्या.

"उलट," फिजिओ म्हणाली. "पायात ताकद नसती तर मला महिने लागले असते. आज दुपारी ते वॉर्डभर फिरलेत, म्हणजे पाय आहेत. सवयीशी भांडता येतं. मला थोडे दिवस द्या. आणि मला एक मोठ्या आवाजाचं माणूस पाहिजे."

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं.

मग आमची तालीम सुरू झाली. दुपारी पडदे ओढायचे. अण्णांनी भिंतीच्या कठड्याशेजारून चालायचं, एका बाजूला फिजिओ, कंबरेला धरायचा पट्टा. मी बटणापाशी. मनात येईल तेव्हा दिवा लावायचा. दिवा लागला की अण्णांनी खाली बसायचं नाही. कठडा धरायचा, उभं राहायचं, श्वास घ्यायचा, मग चालायचं.

पहिल्या वेळी ते पट्ट्याला लोंबकळले. पुढेही तेच. मी शिकाऊ लोकांवर ओरडते तशी ओरडले, "कठडा! अण्णा, कठडा! पाय नाही, हात!" शिंपी खाटेवरून सूचना द्यायला लागले. चष्मेवाल्यांनी तर खालच्या मजल्यावरच्या ओळखीच्यांना बोलावून आणलं. मी त्यांना हाकलणार होते, पण फिजिओने मला अडवलं. "असू द्या. लोक बघताना चालायला शिकायचंय त्यांना. घरात काय, रस्त्यावर काय, लोक बघणारच."

अण्णा दमून बसले तेव्हा त्यांनी मला बाजूला बोलावलं. "एक सांग. नट लोकांना हे कसं जमतं? लोक बघत असताना हातांचं काय करायचं?"

"कठडा धरायचा," मी म्हटलं.

"हं," ते म्हणाले, आणि त्यावर विचार करत बसले.

सुरुवातीला गुडघे आधी वाकायचे आणि हात मागून जायचा. मग दोन्ही एकदम व्हायला लागलं. मग एकदा हात आधी गेला आणि शिंप्यांनी टाळी वाजवली. अण्णा त्यांच्यावर डाफरले, चालू प्रवेशात टाळी वाजवतात का म्हणून. इकडे यांनी आमच्या पॅसेजमध्ये दोन्ही बाजूंनी कठडा बसवला आणि तो दिवा असा करून घेतला की एकदम लख्ख होण्याऐवजी हळूहळू उजळेल. या वेळी कुठे थांबायचं हे यांना बरोबर कळलं. मी तसं यांना बोलूनही दाखवलं.

तपासणीचा दिवस आला. डॉक्टर आले, ताई आल्या. ताईंच्या पर्समध्ये निवासाची किल्ली होती, जागा त्यांनी अजून सोडली नव्हती. पडदे ओढले. फिजिओने आज पट्टा बांधला नव्हता. ती अण्णांच्या शेजारून चालणार होती, पण हात न लावता.

अण्णा खुर्चीतून उठले. अर्ध्या वाटेवर, कठडा हाताला येण्याच्या जरा आधी, मी दिवा लावला.

त्यांचे गुडघे वाकले. मला दिसले वाकताना. माझा उजवा पाय आपोआप खाली दाबला गेला, तिथे नसलेल्या ब्रेकवर. अण्णांचा चांगला हात हवेत गेला, भिंत चाचपली, कठडा सापडला. त्यांनी तो घट्ट धरला. गुडघे थरथरत तसेच राहिले, ना खाली ना वर. आणि मग हळूहळू सरळ झाले.

अण्णा उभे होते. पिवळे मोजे, मनगटावर पिवळा पट्टा, वर पांढराशुभ्र उजेड, आणि सबंध वॉर्ड त्यांच्याकडे बघतोय. त्यांनी श्वास घेतला. हनुवटी जराशी वर उचलली. मग चालायला लागले, घाई न करता, पट्टीपर्यंत गेले, वळले, आणि तितक्याच उजेडात परत येऊन खुर्चीत बसले. ताईंनी पर्स उघडून रुमाल काढला.

"घरी न्या यांना," फिजिओ म्हणाली.

डॉक्टर काहीतरी बोलत होते, हे त्यांचे हात हातात घेऊन हलवत होते, शिंपी नाक शिंकरत होते. अण्णांचं त्यांच्यापैकी कोणाकडेच लक्ष नव्हतं. ते मान वळवून बटणापाशी मला शोधत होते.

"पाहिलंस ना मला?" त्यांनी विचारलं.

"पाहिलं, अण्णा," मी म्हटलं. "सगळ्यांनी पाहिलं."